नावेची हळद

“ऐलवालं बसा, पैलवालं दम धरा, अन् ज्येला लय घाई हाय त्येनं पवत जावा.”

धोंडीबा नावाड्याची ही हाळी नाथाजीनं पहिल्यांदा ऐकली तेव्हा तो आईच्या काखेत होता आणि आई माहेराला निघाली होती. पाण्यावरून आलेला आवाज ओला असतो, तो लवकर वाळत नाही. पुढं डोहवाडीला कृष्णेवर पूल झाला, नाव बंद पडली, धोंडीबा गेला, पल्याडचं माहेरही एकेक माणूस करत आटलं. पण साखर कारखान्याच्या वजनकाट्यावरून रिटायर होऊन नाथाजी घरी बसला, तरी सकाळी दाढीला बसलं की आरशातल्या माणसाच्या मागून कुठूनतरी ती हाळी यायचीच.

अशी हाळी ऐकून दुसऱ्या एखाद्यानं डोळे पुसले असते आणि चहा मागितला असता. नाथाजीनं होडी करायला घेतली. यात धोंडीबाचा काही दोष नव्हता. दोष असलाच तर जयराजच्या फोनचा.

जयराज म्हणजे नाथाजीचा मुलगा. साताऱ्याला बँकेत नोकरी, गोडोलीत तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट. तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या माणसालाच पुराची भीती जास्त का वाटते, कोण जाणे. दर उन्हाळा लागता लागता त्याचा फोन येई.

“आबा, या पावसाळ्याला तरी इकडं या. कायमचंच या. घराला कुलूप लावा.”

“कुलूप लावून पूर थांबतोय व्हय?”

“म्हणूनच म्हणतोय. परत पाणी आलं तर काय करणार तुम्ही दोघं?”

इथं नाथाजीनं नुसतं ‘बघू’ म्हटलं असतं तर पुढचं काही घडलं नसतं. पण त्याच सकाळी दाढी करताना हाळी जरा जोरात आली होती. तो म्हणाला, “माझी सवताची नाव असंल. कुनाच्या बापाची वाट बघायला नगं.”

मग कर्ज नामंजूर करताना बँकेतली माणसं ज्या मऊ आवाजात बोलतात, त्या आवाजात जयराज बोलला. “ठीक आहे. पावसाळ्याच्या तोंडाला मी येतो. तुमची नाव पाण्यात घाला. आई अन् तुम्ही दोघं तिच्यात बसून पल्याड जाऊन या. जमलं तर मी परत विषय काढणार नाही. नाही जमलं, तर मी टेम्पो घेऊनच आलेला असेन.”

“ठरलं,” नाथाजी म्हणाला.

लीलाबाई शेजारीच शेंगा फोडत बसली होती. फोन स्पीकरवर होता. नाथाजीचे सगळेच फोन स्पीकरवर असत, गल्लीनंही ऐकावं म्हणून. घर राहणार की जाणार हे असं ठरलं, तेव्हा तिच्या हातातली शेंग फुटली, दाणे सुपात पडले, टरफल वाऱ्यानं गेलं. ती काही बोलली नाही. नाथाजीनं तिचं न बोलणं काट्यावर घातलं आणि होकार म्हणून लिहून टाकलं.

घराचं वेड उगाच नव्हतं. हे घर त्यानं वीट वीट करून बांधलं होतं आणि एकोणीसच्या महापुरात, त्याच्याच म्हणण्याप्रमाणे, वीट वीट करून राखलंही होतं. बचावाची बोट आली तेव्हा त्यानं लीलाबाईला आणि गल्लीतल्या बायकांना तिच्यात बसवलं आणि आपण गच्चीवर राहिला. सोबत एक रेडकू, चुरमुऱ्यांचं पोतं आणि एक छत्री. पाणी उतरेपर्यंत. फोन बंद, टॉवर बंद, आभाळ तेवढं चालू. ही गोष्ट तो लग्नात सांगे, बारशाला सांगे, मयताला गेला तर सरण रचून होईपर्यंतच्या रिकाम्या वेळात सांगे. दर खेपेला पाणी थोडं वर चढे. अलीकडे ते रेडकाच्या कानाला लागलं होतं. गोष्ट सुरू झाली की लीलाबाई पाहुण्यांना पाणी आणायला आत जाई आणि गोष्ट संपेपर्यंत बाहेर येत नसे.

तर, नाव. धोंडीबाची नाव गावाबाहेर चिंचेखाली पालथी पडली होती. सागवानी हाडाची, पण उन्हानं भेगाळलेली. शेळ्या तिच्यावर चढून चिंचेचा पाला ओरपत. मालकी ग्रामपंचायतीची. नाथाजी सरळ मार्गाचा माणूस, तो अर्ज लिहून ग्रामसेवकाकडे गेला.

ग्रामसेवकानं अर्ज वाचला, परत वाचला आणि खिडकी लावून घेतली.

“आण्णा, ही नाव देता येत नाही.”

“का?”

“ती वाहून गेलीया.”

नाथाजीनं उठून खिडकी उघडली. “ती काय. शेळी बसलीया तिच्यावर.”

“जमिनीवर असंल. कागदावर पुरात वाहून गेलीय. नुकसानीच्या पंचनाम्यात तिचा नंबर लागलाय, वर साहेबांची सही झालीय. आता ती हाय म्हटलं तर साहेबच खोटं पडत्यात.”

“मग मी तशीच नेली तर?”

ग्रामसेवकानं विचार केला. सरकारी माणूस विचार करतो तेव्हा पंख्याचा आवाज मोठा होतो. “नसलेली वस्तू नेली म्हणून कोण तक्रार करणार? न्या तुम्ही. फक्त नेताना ती नाव हाय असं कुणाला बोलू नका.”

उसाच्या ट्रॉलीवर पालथी नाव घालून नाथाजी गावातून निघाला तेव्हा सगळं गाव दारात उभं होतं.

“नाथाजीराव, काय न्हेताय?”

“काय न्हाई.”

“काय न्हाई लय जड दिसतंय. टायर बसल्यात.”

घराच्या बाजूला पत्र्याची शेड होती. आधी तिथं म्हैस असे, आता निम्म्यात म्हैस आणि निम्म्यात नाव, असा संसार सुरू झाला. नाव सिमेंटच्या ठोकळ्यांवर पालथीच ठेवली. पहिल्याच दिवशी शेजारचे हंबीरराव आले. हंबीरराव फौजेतून सुभेदार होऊन आलेले. फौजेनं त्यांना सोडलं होतं, त्यांनी फौजेला सोडलं नव्हतं.

“लाकडाचा जमाना गया,” नावेवर काठी वाजवत ते म्हणाले. “आमी ब्रम्हपुत्रेला फ्लड ड्यूटी केली, समद्या बोटी फायबरच्या. तू वरनं फायबर मार. एकदम बुलेटप्रूफ.”

“पुरात गोळ्या कोन मारनार, सुभेदार?”

“तयारी ठेवायची रं. तयारी.”

इस्लामपूरच्या रस्त्याला पप्पूचं फायबरचं दुकान होतं. दारात मिरवणुकीचे पांढरे घोडे, बागेतली घसरगुंडी आणि शिंगं बसायची राहिलेला एक बैल. बैलाच्या चेहऱ्यावर जे भाव होते, तेच घरी परतताना नाथाजीच्या चेहऱ्यावर असणार होते, पण ते त्याला तेव्हा कळलं नाही.

“काका, घोडा काय अन् होडी काय, फायबरला काय कळतंय?” पप्पू म्हणाला. “ही काचंची मॅट. ती अंथरायची. वरनं रेझिन लावायचं. रेझिनमदी हार्डनर घातला की ते दगडावानी हुतंय. झालं काम.”

“पान्यात टिकंल न्हवं?”

“घोडं न्हाई का पावसात उभं ऱ्हातंय.”

“होडी केलीया का कवा तू?”

“त्यात काय करायचंय. फोनवर समदं असतंय.”

हार्डनर किती घालायचा, तर ‘अंदाजानं’. ज्या माणसानं सबंध नोकरीभर उसाच्या गाडीत किलोचा फरक खपवून घेतला नव्हता, त्याला हा शब्द शिवीसारखा लागला. कमी पडायला नको म्हणून नाथाजीनं सढळ हातानं घातला. बादली आधी कोमट झाली, मग गरम झाली, मग तिच्यातून धूर निघाला आणि आतलं सगळं एका दमात गोठलं. ढवळायला घेतलेलं मापही त्यात उभंच्या उभं अडकलं.

लीलाबाई धूर बघून धावत आली. बादलीकडे बघितलं.

“दुधाचं माप हाय न्हवं ते?”

“हुतं,” नाथाजी म्हणाला.

वास मात्र सगळीकडे पोचला. म्हशीनं दूध चोरलं. समोरच्या घरात भाकरी कडू लागू लागली. संध्याकाळच्या आधी पोलीसपाटील आप्पासो शेडच्या दारात येऊन नाकानं तपास करू लागला.

“भाऊ, राग मानू नका. वरनं इचारनी झाली. हातभट्टी न्हवं न्हवं?”

“तोंड बग माझं. मी भट्टी लावीन?”

“मग काय हाय ह्ये?”

नाथाजीला ग्रामसेवकाचे शब्द आठवले. समोर आख्खी नाव पालथी पडलेली असताना तो छातीवर हात ठेवून म्हणाला, “काय न्हाई.”

आप्पासोनं नावेकडे बघितलं, नाथाजीकडे बघितलं, आणि इतक्या सौम्यपणे ‘बरं बरं’ म्हणून गेला की नाथाजीला अटक झाली असती तर बरं, असं वाटलं. भट्टीवाला समजले असते तर निदान उद्योगी तरी समजले असते.

पुढं मॅट कापायचं काम. ही मॅट म्हणजे काचेचा कापूस. कापताना तिची कुसं अंगाला बसतात, दिसत मात्र नाहीत. नाथाजीचा सदरा, लीलाबाईचं लुगडं, अंथरुणं, सगळं एकाच बादलीत भिजलं, आणि त्याच धुतल्या कपड्यांत दोघं कोरेगावला नाथाजीच्या चुलतभावाच्या रक्षाविसर्जनाला गेली.

महाराजांचं प्रवचन ऐन रंगात होतं. देह नाशिवंत कसा, हे ते सांगत होते, आणि नाथाजीचा देह त्याच क्षणी काखेपासून पोटरीपर्यंत पेटला होता. त्यानं आधी एक बोट लावलं. मग पाच. मग तो खांबाला पाठ लावून वर-खाली होऊ लागला. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. एका म्हाताऱ्या आत्यानं येऊन त्याला धरलं. “नाथा, आवर रं सवताला. त्यो तुझा नुसता भाऊ न्हवता, जीव हुता.” अख्खा मांडव हळहळला. भावकीत ज्याच्याशी बांधावरून बोलणं बंद होतं, त्या भावासाठी नाथाजी इतका तळमळला, हे आजही कोरेगावात सांगतात.

बायकांत लीलाबाई बसली होती. तिच्याही अंगात तीच कुसं होती. तिनं पदराची घडी मोडली नाही, की हात हलवला नाही. एवढी खाज गप दाबून धरणारी बाई आणखी काय काय दाबून धरत असेल, हा विचार कुणाच्याही मनात आला असता. नाथाजीच्या मनात त्या घटकेला फक्त खांब होता.

इतकं सोसून नाव घासून-पुसून तयार झाली. भेगा भरल्या. उरलेलं रेझिन आणायला नाथाजी इस्लामपूरला गेला आणि परत आला तेव्हा शेडमध्ये गाणं चाललं होतं.

धोंडीबाची बायको बनाबाई, वाकून चाक झालेली, नावेच्या पोटावरून हात फिरवत होती. भोवती गल्लीतल्या बायका. कुणाच्या हातात तेलाची वाटी, कुणाच्या हातात हळदीचं ताट. नाव या टोकापासून त्या टोकापर्यंत पिवळी झाली होती आणि तिच्यावरून तेल ओघळत होतं.

हळद लागली गं, सागवानी या लेकीला,
सासरी धाडायाची, किस्नाबाईच्या घरला.

तेल लावा गं बाई, हिच्या दुखत्या कुशीला,
किती माहेरवाशिनी, हिनं पोचवल्या येशीला.

“ह्ये काय चालवलंय?” नाथाजी म्हणाला.

“आवं, दर साली पान्यात घालायच्या आदी आमी हिला तेल-हळद लावत हुतो,” बनाबाई म्हणाली. “हळदीबिगर लेक सासरी धाडतो का आपन? तुमी लाख फायबर मारा, आदी हळद. आमच्या म्हाताऱ्याच्या हातनं कवा बुडली का ही?”

म्हातारीच्या डोळ्यांत पाणी होतं आणि खरं सांगायचं तर ओवी ऐकून नाथाजीनंही पायांतल्या चपला काढून ठेवल्या होत्या. नदीकाठच्या माणसाचं असंच असतं. त्याला हिशेब येतो, पण ओवी आली की हिशेब बाजूला राहतो. बायका गेल्यावर त्यानं पप्पूला फोन लावला.

“आरं, नावंला तेल लागलंय.”

“फडक्यानं पुसून घ्या की काका.”

त्यानं पुसली. चांगली दोन धोतरं फाडून पुसली. हाताला कोरडी लागली. म्हणून त्यानं मॅट अंथरली, रेझिन लावलं, वर दुसरी मॅट, वर तिसरी. या खेपेला हार्डनर इतका बरोबर पडला की काम बघून त्याचं त्यालाच नवल वाटलं. वाळल्यावर नाव मधाच्या रंगाची झाली, आतली हळद काचेतून दिसावी तशी दिसू लागली. हंबीररावांनी बूट जुळवून सलाम ठोकला. ज्यांनी नाकं धरली होती ते आता मोबाईल धरून फोटो काढायला आले. साताऱ्याला फोटो गेला. सून राजेश्वरीनं ‘खूप छान आबा’ लिहिलं. जयराजनं नुसता अंगठा पाठवला. नाथाजीनं तो अंगठा सगळ्या गल्लीला दाखवला.

राहिलं काय, तर नाव उताणी करणं. गल्लीतली बाप्यामाणसं जमली. दोन्ही अंगांनी कडेला हात घातले. हंबीरराव हुकूम द्यायला शेडच्या दारात उभे.

“एक साथ. उठाव.”

उठली. इतकी हलकी उठली की पुढचे दोघे मागच्या दोघांवर गेले. मग कुणीतरी खाली बघितलं आणि सगळेच खाली बघू लागले. नाव जाग्यावरच होती. सिमेंटच्या ठोकळ्यांवर, तेलकट, पिवळी, उघडीवाघडी. आणि माणसांच्या हातात तिची साल होती. जशीच्या तशी, अखंड, एकही सुरकुती नसलेली.

आधाराला वरची साल होती तोवर लाकूड तग धरून होतं. आता एक फळी हळूच निसटली, तिच्यामागून दुसरी, आणि बघता बघता धोंडीबाची नाव ठोकळ्यांच्या मधे बसली. मोडली असं म्हणता येणार नाही. दमून बसली.

“सुभेदार,” नाथाजीनं विचारलं, “ब्रम्हपुत्रेला असं झालं हुतं का कवा?”

“नाही,” हंबीरराव म्हणाले. खोटं बोलणं त्यांच्या रक्तात नव्हतं.

नाथाजीनं अंथरूण धरलं. ताप नव्हता, पण तो भिंतीकडे तोंड करून पडला. बाहेर जो येई तो लीलाबाईला सल्ला देऊन जाई. आधी खरवडायला पाहिजे होतं, आधी वाळवायला पाहिजे होतं, आधी देवाला विचारायला पाहिजे होतं. बनाबाई तेवढी आली नाही. तिला कुणीतरी जाऊन सांगितलं होतं म्हणे की तुमच्या हळदीनं घात केला, आणि म्हातारी त्या दिवशी जेवली नाही.

जयराजचा फोन आला. “आबा, वाईट वाटून घेऊ नका. मी टेम्पो सांगून ठेवतो.”

लीलाबाईनं मांडणीवरची भांडी उतरवली. एकेक भांडं पुसून वर्तमानपत्रात गुंडाळून पोत्यात भरू लागली. घर सोडायचं म्हणजे हिच्या जिवाचं पाणी झालं असणार, असं नाथाजीला वाटलं. भिंतीकडे तोंड असल्यामुळे तिच्या हाताला कधी नव्हे ती आलेली चपळाई त्याला दिसली नाही. भांड्यांचा आवाज तेवढा येत होता, लग्नघरात येतो तसा.

आणि तेवढ्यात पप्पू आला. शेडमध्ये गेला, सालीवर बोटानं वाजवलं आणि ओरडतच घरात शिरला.

“काका, उठा. आवं, आमी घोडा असाच काढतो. आत साचा, वरनं फायबर. साच्याला तेल लावल्याबिगर घोडा सुटतोय व्हय? तुमच्या बायकांनी बरोबर काम केलंय. तुमचं लाकूड म्हंजे साचा झाला. अन् बोट ती साल हाय.”

“सालीत बसून पूर वलांडू?”

“आतनं लाकडाच्या फासळ्या मारू, वर बसायला फळ्या, आनी दोन थर देऊ. माझा शबुद.”

ज्या माणसाला उठायचंच असतं त्याला असला शब्दही पुरतो. नाथाजी उठला. लीलाबाईच्या हातात त्या वेळी कुकर होता. तिनं तो अर्धवट गुंडाळलेला कुकर क्षणभर छातीशी धरला, मग कागद सोडवला आणि परत मांडणीवर ठेवला. एकामागून एक सगळी भांडी परत चढली. नाथाजीनं बघितलं आणि समाधानानं म्हणाला, “बगितलंस? घर ऱ्हातंय आपलं.”

“व्हय,” ती म्हणाली.

पावसाळ्याच्या तोंडाला जयराज आणि राजेश्वरी आले. बोलल्याप्रमाणे मागं टेम्पो होता. तो घाटाच्या वरच्या बाजूला उभा राहिला, आणि ड्रायव्हर स्टेअरिंगवर पाय टाकून निकालाची वाट बघू लागला. नदी अजून उन्हाळीच होती, हिरवट, निवांत, कडेला वाकून पाणी पिणाऱ्या म्हशींना आरसा दाखवणारी. तिच्याकडे बघून कुणी म्हटलं नसतं की ही कधी घरात येऊन भांडी तपासून गेली असेल.

नाव पाण्यात घातली. ती जरा थरथरली. तिचा तळ पाण्याच्या हेलकाव्याबरोबर आत-बाहेर होत होता, झोपलेल्या लेकराच्या पोटासारखा. नाथाजी तिच्यात बसला, वल्हं घेतलं. पप्पूनं डोळे मिटून घेतले होते, ते त्यानं नाव निम्म्या पात्रात गेल्यावर उघडले. नाथाजी वळसा घालून परत आला. एका कोपऱ्यात पाणी पाझरत होतं, पण ते तांब्याभरही नव्हतं. घाटावर टाळ्या पडल्या. हंबीरराव म्हणाले, “जवान.” बनाबाईला कुणीतरी धरून आणलं होतं. तिनं लांबूनच नावेवरून कडाकडा बोटं मोडली.

जयराज पायऱ्या उतरून खाली आला. त्याचं तोंड जरा उतरलं होतं, पण तो सरळ पोरगा. “आबा, मानलं तुम्हाला. जिंकलात.”

“आजून न्हाई,” नाथाजी म्हणाला. गेल्या कित्येक महिन्यांत गेलेली सगळी अब्रू एकदम परत आल्यामुळे त्याचा आवाज धोंडीबासारखाच लांब चालला होता. “तुझी आई बसल्याबिगर न्हाई. बोली बोली हाय. लीला, ये. पल्याड जाऊन येऊ.”

लीलाबाई ओटीचं ताट घेऊन खालच्या पायरीवर उभी होती. तिनं वाकून ताट पायरीवर ठेवलं. नारळ कलंडणार होता, तो नीट टेकवला.

“मी न्हाई बसायची.”

“आगं, तरंगतीया. भ्यायाचं काय त्यात?”

“तरंगतीया ते दिसतंय मला. बुडली असती तर बरं झालं असतं.”

लोक हसले. नवरा-बायकोचा लटका म्हणून हसले. राजेश्वरीनं पुढं होऊन तिचा दंड धरला, “आई, चला ना, मी पण बसते.” लीलाबाईनं हात सोडवून घेतला. ती ओरडली नाही. शेंगा फोडताना बोलावं तशी बोलत होती, आणि म्हणून मागची माणसं ऐकायला एक पायरी खाली सरकली.

“तुमी गच्चीवर हुता. तुमी जित्तं हाय ते तुमास्नी ठावं हुतं. मला कुटं ठावं हुतं?”

नाथाजीच्या हातात वल्हं तसंच राहिलं. नाव पायरीला लागत होती, सुटत होती.

“बोटीतनं काडून आमास्नी शाळंत ठिवलं हुतं. येकजन सांगत आला, पुलाखाली मढं लागलंय, अंगात कारखान्याचा निळा स्वेटर हाय. तुमचा बी निळाच. जयराजला फोन लागंना. म्या कुनाला बोलले न्हाई, त्या मानसासंगं दवाखान्यात गेले. तितं दारात उभी केली त्येंनी मला. लाईन हुती. समद्या बाया, अन् समद्यांची न घावलेली मानसं निळ्या स्वेटरातली. कारखान्यानं समद्यास्नी येकच दिला हुता.”

“आई,” जयराज म्हणाला.

“बोलू दे मला. माझा नंबर आला. तोंड वळखू येत नव्हतं. म्या हात बगितला. करंगळी सरळ हुती. ह्येंची वजनकाट्यात सापडून वाकडी झालीया. म्हंजे ह्ये न्हवं.” तिनं नाथाजीच्या हाताकडे बघितलं, वल्ह्यावरच्या करंगळीकडे. “अन् मी हसले. मढ्याच्या उशाला उभी ऱ्हाऊन हसले. दुसऱ्या कुना बाईचा हाय, माझा न्हाई, म्हनून. वळले तर दारात माझ्या मागल्या नंबराची बाई उभी हुती. ती बघत हुती माझ्याकडं. मग ती आत गेली, अन् मला तिचा आवाज आला.”

वर टेम्पोच्या ड्रायव्हरनं पाय खाली घेतले.

“तवापास्नं पाऊस लागला की तिचा आवाज येतो मला. तुमी लोकांस्नी गच्चीचं सांगता, तवा बी येतो, म्हनून मी आत जाते. घर ऱ्हाऊ द्या न्हाईतर जाऊ द्या. नाव तरंगू द्या न्हाईतर बुडू द्या. मी हिच्यात बसले की तुमी जिकला, अन् पानी आलं की परत गच्चीवर. मला त्या दारात परत उभी करू नका.”